अनोळखी

खराडीत रात्रीचे पावणेदोन.
आलेखात एकच लांबलचक पट्टी:
एकसष्ट टक्के वेळ, अनोळखी.
नाव नाही, गाव नाही,
नुसता बारा अंकी पत्ता.

चालता चालता जन्मलेला कोड हा,
डिस्कवर कधी नव्हताच.
मोजणारा बाहेरून विचारतो, कोण रे तू?
तो मान खाली घालून राबतोय.

खाली चहाला निघाले
तर गेटवर इंगवलेकाकांनी वही पुढे सरकवली.
‘रोज बघतो मॅडम तुम्हाला. तरी लिहा.
माझ्यानंतर जो बसेल त्याला कसं कळायचं?’
नाव. मजला. किती वाजता.

वर येऊन तेच केलं.
टेंपमध्ये एक साधी फाइल,
कोड जन्मला की तिच्यात एक ओळ:
कुठून सुरू, केवढा, नाव काय.

पुन्हा मोजलं.
पट्टी तेवढीच. एकसष्ट.
फक्त तिच्यावर आता अक्षरं होती
आणि ती माझीच निघाली.
तारीख_जुळव.
मार्चमध्ये घाईत लिहिलेलं,
वर टीप: नंतर बघू.

तीन आठवडे मी
लायब्ररीवाल्यांच्या नावानं खडे फोडत होते.

खालच्या वहीत
माझी सही तेवढी कुणाला लागत नाही.