पोलादाची साय

लोहार चाळीच्या मागे, दुसऱ्या माळ्यावर,
परवान्याचं पुस्तक पाहिल्याशिवाय
हसनमियाँ परकार कुणाला पाणीसुद्धा विचारत नसे.
त्या माणसाचं त्याने दोनदा पाहिलं.
मग म्हणाला, चुरी, फडकं अंथर.

फडक्यावर स्टेनलेसचं रिव्हॉल्व्हर.
पांढरंशुभ्र,
लग्नात आहेर आलेल्या डब्यासारखं.
नाव तेवढं घालायचं राहिलेलं.

"वडिलांचं निळं होतं," कारखानीस म्हणाले,
"दिव्याखाली धरलं की कावळ्याच्या मानेसारखं.
ते गेले, ते चौकीत जमा झालं.
हे माझं.
ह्याला तसं करा."

हसनमियाँने उचललं नाही, फक्त टिचकी मारली.
"साहेब, ती नीळ म्हणजे रंग नव्हे. गंज आहे,
आपल्या शब्दात राहणारा गंज.
लोखंड आधी गंजायला राजी पाहिजे.
हे राजी नाही."

आणि हे कुठे, तर मुंबईत,
जिथे गंजायची शिकवणी लावावी लागत नाही.
बंदरावरून खारा वारा येतो
आणि खिडकीचे गज, पंख्याची जाळी,
आईची शिवणाची कात्री,
मेलेल्या काकाच्या ट्रंकेची कडी,
जो तो आपापला तांबूस होत बसलेला.
हे एकच मेलं कोरडं, सोवळ्यातलं.

मी नवा होतो.
आई शर्टांना नीळ द्यायची,
पांढरं अजून पांढरं दिसावं म्हणून.
मला वाटलं, तसंच असणार: बादली, दोन थेंब, बुडव, पिळ.

हसनमियाँ हसला नाही.
त्याने मला भिंग दिलं. काय दिसतं?
काही नाही.
"तेच. ह्याच्या अंगावर साय आहे,
दुधावर असते तशी, पण डोळ्याला न दिसणारी.
खरवडलीस तर तू श्वास घेईपर्यंत पुन्हा धरते.
ती मोडायची, आणि पुन्हा धरायच्या आत
ह्याला कढईत उतरवायचं.
मध्ये शिंकायचं नाही."

तीन दिवस मी वाळूच्या फवाऱ्याने चमक मारली.
चमक मारणं हे काम असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.
चौथ्या दिवशी तेजाब, मग धावत कढईकडे.
क्षार रटरटत होते, खिडक्या सताड उघड्या,
खालचा पितळेच्या नळांचा व्यापारी शिव्या देत होता,
आणि हसनमियाँ घड्याळाकडे न बघता वेळ मोजत होता,
ओठांतल्या ओठांत, बाणकोटच्या बोलीत.

बाहेर आलं ते निळं नव्हतं.
काळंही नाही. पाटीसारखं म्हणा,
आणि चक्राच्या खाचेत जुन्या मारासारखा
किंचित जांभळा डाग.
हसनमियाँने तेल पुसलं आणि बराच वेळ बोलला नाही.
कारखानिसांनी दिव्याखाली धरलं,
एकदा असं, एकदा तसं.
"कावळा नाही," म्हणाले.
"नाही," हसनमियाँ म्हणाला, "पारवा आहे."

गणपती उलटल्यावर ते परत आले.
आम्हाला वाटलं, भांडायला.
फडक्यावर ठेवून बोट दाखवलं:
घोड्याच्या मागे, जिथे अंगठा टेकतो,
तिथे चवलीएवढं पांढरं उघडं पडलेलं.

"पुन्हा करून देतो. पैसे नकोत," हसनमियाँ पुटपुटला.
कारखानिसांनी अंगठा त्या जागेवर ठेवला,
उचलला, पुन्हा ठेवला.
"नको. त्यांचंही इथेच उडालं होतं."

ते जिना उतरेपर्यंत हसनमियाँ उभा होता.
मग वही माझ्याकडे सरकवली.
चुरी, लिही.
काय लिहू?
लिही, काम झालं नाही.
मी लिहिलं.
त्याने वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला,
आणि "नाही" वर बोट ठेवून
जरा वेळ तसाच बसला.