भुसा

उद्यमनगरात मंदी सगळ्यांआधी
तातोबा मिस्त्रींच्या झाडूला कळते.

पॅटर्नचं लाकूड इथं कापलं, की
चार महिन्यांनी तिकडं शिरोलीत लोखंड ओततात.
म्हणून भूपाल चौगुले
पेपरातले आकडे घडी घालून ठेवतात
आणि मिस्त्रींच्या दुकानात येऊन
फरशीकडे बघतात.

आज भट्ट्या तिन्ही पाळ्या धगधगतायत,
वजनकाट्यापुढं ट्रकची रांग,
बँकेचा माणूस आपणहून
नव्या कर्जाचा फॉर्म ठेवून गेलाय.

फरशी मात्र लख्ख.
गेल्या आठवड्यात एकच पॅटर्न आला,
तोही जुना, कोपरा झिजलेला.

"भुसा कुठाय?"
"सोमवारपास्नं न्हाई, मालक."

मागं एकदा भुसा चुकलाही होता.
मंदी नव्हती, मिस्त्रींना हिवताप होता.

चौगुले खिशातला फॉर्म चाचपतात
आणि पुढं होऊन
मिस्त्रींच्या कपाळाला हात लावून बघतात.

गार.