नेरेइदाला, लग्नाच्या आदल्या रात्री

बस अशी. चुलीत लाकूड आहे अजून.
रिबिनी राहू देत क्षणभर.
तुला एक सांगायचंय, जे फादर सांगणार नाहीत,
आणि बेलिसारियोला तर ठाऊकच नाही,
म्हणजे ठाऊक आहे, पण ऐकीव.
स्वतःची झोप कुणी पाहिलीय?

तो रात्री चालतो.

हसू नकोस. पिऊन नव्हे.
पाठ टेकल्यावर तासा-दीड तासानं,
झोप जिथं सगळ्यात खोल असते तिथून
अंग तेवढं उठून वर येतं,
तो खालीच राहतो.
डोळे उघडे, पण आत दिवा नसतो.
एकदा त्यानं बुटांत बटाटे भरले, एकेक निवडून.
एकदा माझ्या लोकरीच्या गुंड्याला
भरतीची वेळ विचारली
आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली.
सकाळी म्हणतो, माझ्या बुटात बटाटे कुणी घातले गं?

तुमचं घर टेकडीवर, मातीत रोवलेलं.
आमचं खांबांवर.
मागचं दार उघडलं की चार फळ्या,
मग शिडी, मग पाणी.
ओहोटी असली तर पाणीही नाही,
नुसते दगड आणि शिंपल्यांच्या धारा.
म्हणून ती कडी इतकी वर ठोकलीय,
झोपेतला हात जुन्याच जागी चाचपडतो.
म्हणून दाराला मेंढीची घंटा.
सुऱ्या पिठाच्या डब्यात सापडतील, घाबरू नकोस.
आणि माळ्यावरची खोली त्यानं तुमच्यासाठी निळी रंगवलीय,
माहितीये मला, दोन हात दिलेत,
तिथं पाहुण्यांना झोपव.
जिना उतरताना झोपेला पायऱ्या मोजता येत नाहीत.

मावशी सांगायची, चालत्याला उठवलं
तर आत्म्याची वाट चुकते, माणूस मरतो.
कुणी मरत नाही.
पण दचकतो, आणि दचकलेला माणूस ढकलतो.
हा माझा अर्धा दात बघितलास?
दुसऱ्या दिवशी त्यानंच मला कास्त्रोला नेलं,
अख्ख्या वाटेत विचारत होता, कुठं पडलीस, कशी पडलीस.
शिडीवर, म्हटलं.

खांदा धरू नकोस. हाक मारू नकोस.
कोपराला बोटं लाव, आणि होडी वळवतात तशी
वळव, प्रवाहाच्या कलानं.
चल, एवढंच म्हण. तो येतो.
इतका शहाण्यासारखा येतो
की पोटात कालवतं.

जागरण झालं की चालतो. ताप असला की चालतो.
बुडी मारायच्या दोन पाळ्या लागोपाठ केल्या,
वर सफरचंदाची दारू घेतली, तर नक्कीच.
उद्या पहाटेपर्यंत नाच आहे,
म्हणून आजच सांगतेय.
दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं एक उपाय दिला होता:
त्याच्या वेळेच्या थोडं आधी रोज
हलकेच अर्धवट जागं करायचं.
केलं महिनाभर. थांबलं.
मग आई गेली, आणि पुन्हा पावलं वाजली.

बाबाही असेच.
हनुवटीवरची खळी आली, तशी ही चालही आली,
तुझ्या पोटच्यालाही येईल कदाचित.
गावात सगळे म्हणतात, समुद्रानं नेलं त्यांना.
होडी खांबाला बांधलेलीच होती, नेरेइदा.
कोट खुंटीवर होता.
ते मोजे घालून गेले.
तेव्हा दाराला कडी खालीच होती.
बेलिसारियो चार वर्षांचा,
त्याला हे कधी सांगितलं नाही.
तू ठरव.

मी परवा केयोनला जातेय, खोली बघून ठेवलीय,
पक्क्या जमिनीवर, मागं कोंबड्या.
सतरा वर्षं मी एकाच कानानं झोपले.
तिथं माझ्या दाराला काही टांगलेलं नसेल.
तरी बघू, रात्री एक वाजता
मी कशासाठी उठून बसते ते.

दे आता त्या रिबिनी इकडे.