रात्रीची ओव्हर

किल्ल्या घे आधी, सायरा. छोटी अडकते,
जरा उचलून फिरव.
बस. चहा नंतर.

बेड एक. द्राक्षाच्या मांडवावरून पडलाय, वायफळ्याचा.
पायाची बोटं तासातासाला बघ.
नुसता रंग नको, हात लाव.
गार लागली तर डॉक्टरांना उठव.
चिडतील. चिडू देत.

बेड दोन रिकामा.
म्हणजे पहाटे साडेचारला झाला.
सगळं केलं होतं, वेळेसकट वहीत आहे.
कधी सगळं करूनही.
गादी उन्हात टाकायची राहिलीय.

आता पेन खाली ठेव.
बेड तीन आणि बेड सात.

दोघी हौसाबाई पाटील.
तासगावच्या स्टँडवर या नावानं हाक मारलीस
तर चार पदर वळतील.
तीनची मणेराजुरीची, तिला साखर.
सातची सावळजची, बेदाण्याच्या शेडवर जाते, तिला दम.
दोनची शुगर तीनशे दहा आली.
मी इन्सुलिन भरलं
आणि सातजवळ जाऊन उभी राहिले.

कशी, ते विचारू नकोस. विचार, खरं तर.
तीस खाटा, मी एकटी, मावशी खाली कॅज्युअल्टीत,
दोनचा श्वास तेव्हाच बिघडायला लागलेला,
सातवरची ट्यूब गेल्याला दोन महिने झाले.
म्हटलं, "हौसाबाई ना?"
म्हणाली, "व्हय."
का नाही म्हणणार?
मध्यरात्री उठवून कुणी विचारलं, तुम्ही तुम्हीच ना,
तर माणूस व्हयच म्हणतं.
तिनं आपणहून बांगड्या वर सारल्या,
दंड पुढं केला.

मी वाकले
आणि तिच्या केसांना गंधकाच्या धुरीचा वास आला.

एवढंच. त्या वासानं हात थांबला.
बारा युनिट, सायरा,
संध्याकाळी दोन घास खाऊन झोपलेल्या बाईला.
आणि सकाळी तुला ओव्हर देताना
मी म्हणाले असते,
बेड सात, शांत झोपलीय.

मिरजेला शिकत होते तेव्हा
आमच्या वॉर्डात एकीनं चुकीची बाटली लावली.
तिला घरी बसवलं. त्यानंतर वर्षभर
एकही चूक झाली नाही,
म्हणजे वहीत नाही झाली.
मग रूथ भंडारे सिस्टर आल्या.
कुणी केलं, हे त्या सगळ्यात शेवटी विचारायच्या.
आधी म्हणायच्या, कुठं उभी होतीस, दाखव.
तिथं स्वतः उभ्या राहायच्या,
तिथून काय दिसतं ते बघायच्या,
आणि दुसऱ्या दिवशी कपाटातली एक बाटली
वरच्या फळीवरून खाली आलेली असायची.

म्हणून लिहिलंय. पान एक्केचाळीस, वाच.
'चूक घडणार होती' असं आधी लिहिलं,
मग खोडून 'मी चुकणार होते'.
खोडलेलंही दिसू दे.
आत वहिनी सिस्टरना दाखवणार आहे, पोटात गोळा आहे,
पण दाखवणार आहे.
ट्यूबसाठी तीन अर्ज झाले होते,
चौथ्यात आज कारण घातलंय.

दोघींच्या मनगटावर चिकटपट्टी बांधलीय,
नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय.
घामानं शाई फुटेल, दुपारी नवी लाव.
आणि 'हौसाबाई ना' असं कधी विचारू नकोस.
विचार, तुमचं नाव काय, गाव कुठलं.
मग गप्प बस. उत्तर त्यांचं त्यांना देऊ दे.

अजून एक, वहीत नसलेलं.
सहाला टेंपरेचर घ्यायला गेले
तर सातची उठून बसलेली.
म्हणाली, "शिष्टर, रातीची सुई द्याची ऱ्हायली की वो.
मी वाट बघत हुते."
मी थर्मामीटर झटकत राहिले,
आधीच झटकलेला.
"राहिली," म्हटलं.
"मग आता?"
"आता नको, आजी."

बेड आठ. लिहून घे.