खरोसा फाटा

खरोशाच्या लेण्यांमागं, पत्र्याच्या खोलीत
अकरा दिवस मी एकटा.
सुमेध दाराशी डबा ठेवून जायचा,
बोलायचं नाही, एवढं ठरलेलं.

पहिले तीन दिवस गुडघाच बोलला.
चौथ्या दिवशी श्वास मोजता मोजता
अंगठा आपोआप तिकीट पंच करू लागला:
किल्लारी, लामजना, औसा.
एकतीस वर्षं एसटीत गेली,
मन अजून सुट्टे मागतं.

सहाव्या रात्री तो आला.
चार रुपये कमी होते म्हणून
अंधारात फाट्यावर उतरवला होता ज्याला.
खांद्यावर तापानं फणफणलेलं लेकरू.
घंटी मीच मारली. दोनदा.

श्वासाकडं परत यावं म्हणतात.
आलो, तर तो तिथंच उभा.
जा म्हटलं, गेला नाही.
माफ कर म्हटलं,
तेही त्याला ऐकू गेलं नसावं.
मग म्हणणंच सोडलं.
पत्रा तापला, निवला.
बाहेर होला घुमत राहिला.

अकराव्या सकाळी सुमेधनं विचारलं,
काय सापडलं, आप्पा?
काही नाही, म्हटलं,
फाट्यापासून त्याची वस्ती किती लांब
तेवढं चालून बघतो.
आणि पिशवी त्याच्याकडं दिली.