अधोरेखित भाग

उत्तरं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असतात,
नुसती अक्षरं: सतरा ब, अठरा ड.
कारण कुठेच नाही.

राइस स्ट्रीटच्या वाचनालयात, हीटरजवळच्या टेबलाशी,
गाओनू लोर पेन्सिल आडवी धरते.
"पण ब का?"
"कानाला बरोबर वाटतं म्हणून," मी म्हणते.
"तुमच्या कानाला. माझ्या कानाला
चारही सारखेच वाजतात."

पर्याय अ मात्र ठरलेला असतो: बदल नको.
तो निवडायला तिला भीती वाटते.
काहीच न करणं हे उत्तर कसं असेल?

एकतीस वर्षं मी बियाण्यांचे कॅटलॉग तपासले,
बीट, मुळा, सूर्यफुलाच्या सोळा जाती.
एक स्वल्पविराम सुटला नाही हातून,
आणि एकाचंही कारण सांगता येत नव्हतं.
जिना उतरताना पायऱ्या कोण मोजतं?
म्हणून सत्तराव्या वर्षी व्याकरण शिकायला बसले,
तिच्यापुढे एक धडा,
कधी कधी मागे.

*जुडगा, ज्यात गॅरेजच्या, तळघराच्या, टपालपेटीच्या चाव्या होत्या,
हरवल्या.*
मधलं सगळं अंगठ्याखाली झाक, मी सांगितलं,
क्रियापद शेजारच्याशीच लगट करतं,
कर्ता बिचारा लांब उभा.
तिनं झाकलं.
अंगठ्याच्या अलीकडून जुडगा
पलीकडच्या हरवल्याकडे बघत राहिला.
"हां," ती म्हणाली. एवढंच.

*पुलावरून चालत येताना बर्फ पडू लागला.*
"कोण चालत होतं? बर्फ?"
मग आम्हाला तो दिसलाच,
कानटोपी घातलेला, पाठीला दप्तर,
मिसिसिपी ओलांडून क्लासला निघालेला बर्फ.
मिसेस ओस्टबींनी दोनदा ओठांवर बोट ठेवलं.

सगळ्यात आखूड पर्याय बहुधा बरोबर,
हे तिनंच शोधून काढलं.
मला जरा रागच आला.
माझी आई पत्रात एकच गोष्ट तीनदा लिहायची,
नीट जेव, जेवत जा, जेवणाची हयगय नको.
ते चूक होतं?
"परीक्षेपुरतं," गाओनू म्हणाली, "हो."

सहाला तिची आई न्यायला येते,
नर्सिंग होमच्या निळ्या कपड्यांत.
"काल मी लवकर येते," ती मला म्हणाली, "तुम्ही नाही."
माझ्या आत कुणीतरी लाल पेन्सिल उचलली.
गाओनूला ती दिसली असावी.
पार्किंगमध्ये, गाडीची काच खरवडत, म्हणाली,
"आमच्या भाषेत क्रियापद बदलत नाही.
काल म्हटलं की झालं,
तो एक शब्द सगळं ओझं उचलतो.
आई चुकत नाही.
फक्त या पुस्तकात ते उत्तर नाही."
मी मोजे हातात चढवत राहिले. बराच वेळ.

एप्रिलमध्ये निकाल लागला.
तिचा फोन आला तेव्हा मी तळघरात होते,
मशीननं घेतला.
तीन चुकले, ती सांगत होती, पण तिन्ही का चुकले
ते मला कळलंय, ऐका,
आणि ऐकवत बसली, टेप संपेपर्यंत.

तिच्या आधी, नेहमीसारखा, आर्विड:
*आम्ही आत्ता घरी नाही.*

आम्ही, अनेकवचन.
आत्ता, वर्तमानकाळ.
त्याला जाऊन चार वर्षं झाली.
कर्ता जुळत नाही, काळ जुळत नाही,
आणि आता मला कारणही सांगता येतं.

ब वाचला, क वाचला, ड वाचला.
मग मशीनवरची धूळ पुसली.

अ.