दर्या नसलेली नदी

ऐरोलीच्या दिवा गावात, जेट्टीवर,
बाबा जाळ्याचा गुंता सोडवतात, मी टॉर्च धरते.
दोन वर्षांनी आलेय माउनहून.
पासपोर्टवर बोत्स्वानाचे चार शिक्के,
बॅगेत औषधाच्या बाटलीभर वाळू
(कस्टमवाल्याने हुंगून पाहिली होती).

"तुजी ती नदी कोनच्या दर्याला मिलते?"
कुठल्याच नाही, बाबा.
वाळवंटात शिरते, पसरते, संपते.
"संपते?"
सुतळी दातांत तशीच राहते.

कसं सांगू, तिथे पूर येतो कोरड्या जूनमध्ये.
आभाळ लख्ख, थंडीने ओठ फुटलेले,
आणि पाणी येतं चालत, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं,
अंगोलात कधीचं पडून गेलेलं.
केलेबोगिलेकाकू काठी रोवून होडी ढकलायच्या.
पहिल्याच दिवशी मी काठीसकट पाण्यात.
"कोळ्याची ना गं तू?"
म्हटलं, आमचं पाणी खारं, माणसाला उचलून धरतं.
त्या इतक्या हसल्या
की लव्हाळ्यातला पाणघोडा वर आला.
मग दोघी गप्प, बराच वेळ.

प्रबंधात मी लिहिलंय : बाष्पीभवन.
बाबांना तो शब्द पुरत नाही.
"मंग तिथल्या मासलीला भरती कशी कलते?"
या प्रश्नावर माझ्याकडे आलेख नाही.

ओहोटी लागलीय. होडीचं बूड चिखलाला टेकतं.
बाबा बाटलीचं बूच काढतात,
चिमूटभर वाळू जिभेवर धरतात,
थुंकतात.
"खरंच गं. मीठ नाय."